लेखनिकाचा हात आणि ख्रिस्तपुराणाची संहिता

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' पदव्युत्तर वर्गात शिकविले जाते तेव्हा त्याच्या भाषेविषयी दोन विधाने सहसा केली जातात. पहिले असे की, बायबलमधील कथा मराठी ओवीत सांगताना स्टीफन्स यांनी चर्चच्या व्यवहारातील पोर्तुगीज व लॅटिन शब्द तसेच राहू दिले. दुसरे असे की, त्यांनी ख्रिस्ती धर्मकल्पना संस्कृतोद्भव परिभाषेत आणून त्या पुराणकथेच्या मराठी परंपरेत रुजविल्या. ही दोन्ही विधाने एकाच कवीविषयी आणि एकाच काव्याविषयी केली जातात. परंतु ती परस्परांशी जुळणारी नाहीत. तरीही दोघांनाही आधार दाखविता येतो, कारण त्यांमागे दोन वेगळ्या संहिता उभ्या आहेत. रोमन लिपीतील हस्तलिखितांवरून सिद्ध झालेली संहिता हाती असेल तर पहिले विधान खरे वाटते. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती हाती असेल तर दुसरे. म्हणजे स्टीफन्स यांच्या भाषादृष्टीविषयी निर्णय देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो : हे शब्द कवीचे आहेत की ते उतरवून घेणाऱ्या लेखनिकाचे?

हा प्रश्न मराठीपुरता नवीन वाटला तरी ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या अभ्यासात तो फार जुना आहे. आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती लेखनिकांनी नव्या कराराच्या ग्रीक पाठावर कोणते संस्कार केले याचा विचार युरोपात तीन शतकांहून अधिक काळ होत आला असून त्यातून पाठचिकित्सेची काही तत्त्वे स्थिर झाली आहेत. ती तत्त्वे ख्रिस्तपुराणाला लावून पाहिली असता कोणत्या गोष्टी उलगडतात आणि कोठे ती अपुरी पडतात, याचा विचार येथे केला आहे.

नव्या कराराचे लेखनिक

नव्या करारातील एकाही पुस्तकाची मूळ लेखकाच्या हातची प्रत आज अस्तित्वात नाही. जे उपलब्ध आहे ते प्रतींच्या प्रतींच्या प्रती, असे. पपायरसवरील लहान तुकड्यांपासून चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चर्मपत्रांवरील मोठ्या पोथ्यांपर्यंत, आणि तेथून मध्ययुगातील मठांत लिहिल्या गेलेल्या प्रतींपर्यंत, ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांहून अधिक भरते. १७०७ मध्ये जॉन मिल या इंग्रज विद्वानाने सुमारे शंभर हस्तलिखिते ताडून सुमारे तीस हजार पाठभेद नोंदविले, तेव्हा धर्मग्रंथच अविश्वसनीय ठरला असा गदारोळ झाला. वस्तुतः पाठभेदांची संख्या प्रतींच्या संख्येबरोबर वाढते. जेथे एकच प्रत उरते तेथे पाठभेद एकही नसतो. पण तेथे चूक ओळखण्याचे साधनही नसते. पाठभेदांची विपुलता हे संहितेच्या दारिद्र्याचे लक्षण नसून साक्षीदारांच्या समृद्धीचे लक्षण आहे, हे पाठचिकित्सेतील पहिले भान होय.

या पाठभेदांचे दोन स्थूल वर्ग केले जातात. पहिला वर्ग अनवधानाचा. दोन ओळींचा शेवट सारखा असला की लेखनिकाची दृष्टी पहिल्या ओळीवरून दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. उच्चार सारखा असला की अक्षर बदलते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी 'आपणांस शांती आहे' आणि 'आपणांस शांती असू द्या' या दोन अर्थांचे पाठ मिळतात. ग्रीकमध्ये त्यांच्यात केवळ ऱ्हस्व-दीर्घ ओकाराचा भेद आहे आणि तो भेद तत्कालीन उच्चारात उरलेला नव्हता. सिनाई पोथीच्या एका लेखनिकाचे शुद्धलेखन इतके सदोष आहे की त्याने लिहिलेले भाग त्यावरूनच वेगळे ओळखता येतात.

दुसरा वर्ग हेतुपुरस्सर केलेल्या बदलांचा. यातही लबाडी क्वचितच असते. बहुतेक वेळा लेखनिकाला आपण चूक दुरुस्त करीत आहोत असेच वाटत असते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या आरंभी एक वचन 'यशया संदेष्ट्याच्या' नावावर दिले आहे, परंतु त्याचा काही भाग मलाखीच्या पुस्तकातून आलेला आहे. ही विसंगती ज्यांच्या ध्यानात आली त्या लेखनिकांनी तेथे 'संदेष्ट्यांच्या' असे अनेकवचन केले. लूकच्या शुभवर्तमानात येशूची प्रार्थना मत्तयातील प्रार्थनेपेक्षा आखूड आहे. ज्या लेखनिकाच्या ओठांवर मत्तयातील प्रार्थना रोज असे, त्याच्या लेखणीने लूकची प्रार्थना नकळत तेवढीच लांब केली. मत्तयातील त्याच प्रार्थनेच्या शेवटी राज्य, पराक्रम आणि गौरव यांचा उद्घोष अनेक प्रतींत आहे, पण प्राचीनतम प्रतींत नाही; सामुदायिक उपासनेतील समाप्तीचे शब्द पोथीत उतरले, हे उघड आहे.

काही बदलांना सिद्धान्ताची कड आहे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात योसेफाचा उल्लेख येशूचा 'बाप' असा येतो. कुमारी मातेच्या पोटी झालेल्या जन्माच्या सिद्धान्ताला बाध येऊ नये म्हणून अनेक प्रतींत तेथे 'योसेफ' असे नाव घातलेले आढळते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'जो देहरूपाने प्रकट झाला' आणि 'देव देहरूपाने प्रकट झाला' असे दोन पाठ आहेत. ग्रीक लेखनिक 'देव', 'प्रभू', 'येशू' ही पवित्र नामे संक्षेपाने लिहून वर आडवी रेघ देत. त्या संक्षेपामुळे 'जो' आणि 'देव' यांच्या लेखनात केवळ दोन बारीक रेघांचे अंतर राहिले. येथे लेखनपद्धती, दृष्टिभ्रम आणि श्रद्धा ही तिन्ही कारणे एकाच ठिकाणी काम करतात, आणि त्यांतील कोणते प्रथम घडले ते सांगणे कठीण होते.

या सर्वांतून निघालेले सर्वांत प्रसिद्ध सूत्र म्हणजे कठीण पाठ सोप्या पाठापेक्षा ग्राह्य मानावा हे होय. अठराव्या शतकात बेंगेल या जर्मन विद्वानाने ते मांडले. त्यामागील तर्क सरळ आहे : लेखनिक कठीण शब्द सोपा करील, विसंगत वचन सुसंगत करील, खटकणारे विधान सौम्य करील, उलट प्रवास सहसा होत नाही. म्हणून 'बाप' हा पाठ 'योसेफ'पेक्षा जुना. या सूत्राच्या जोडीला दुसरे सूत्र येते : इतर सर्व पाठ ज्याच्यापासून कसे निघाले हे सांगता येते तो पाठ मूळ समजावा.

हे लेखनिक कोण होते हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन-तीन शतकांत ख्रिस्ती ग्रंथ उतरवून घेणारे लोक पुष्कळदा त्याच मंडळीतील वाचक असत. ग्रंथ त्यांच्या उपासनेचा, वादांचा, आशेचा भाग होता. भाडोत्री लेखनिक ज्या वाक्याकडे डोळेझाक करील त्या वाक्याशी हे लोक थांबत. तिसऱ्या शतकातील ओरिजेनने लेखनिकांच्या निष्काळजीपणाची आणि धाडसी दुरुस्त्यांची तक्रार केली आहे. व्हॅटिकन पोथीत इब्र्यांस पत्राच्या पहिल्या अध्यायापाशी एका वाचकाने समासात पूर्वीचा पाठ बदलणाऱ्यास खरमरीत शब्दांत फटकारले असून जुने अक्षर होते तसे राहू द्यावे असे बजावले आहे. लेखनिकावर चिडणारा हा वाचकही हातात लेखणी घेऊनच पोथीत उतरला, हे येथे लक्षात घ्यावे.

मराठी पोथीची परंपरा

मराठी अभ्यासकाला हे चित्र अपरिचित वाटणार नाही. आपल्या पोथ्यांच्या पुष्पिकेत लेखनिक सांगतो की, पुढ्यात जसे पुस्तक होते तसे लिहिले. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. ही नम्रता सांकेतिक असली तरी तिच्यात एक सिद्धान्त दडलेला आहे : लेखनिकाने पाठाची जबाबदारी घेऊ नये. व्यवहारात मात्र त्याने ती घेतलीच. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण तीन शतकांच्या लेखन-पठणात तिच्यात अबद्ध पाठ शिरले होते. त्या प्रतीच्या शेवटी तीत स्वतःच्या ओव्या मिसळणाऱ्याला त्यांनी सावध केले आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या अखेरीसही त्यातील शब्दांत भर घालणाऱ्यास व त्यांतून काही काढणाऱ्यास असाच इशारा दिलेला आहे. दोन्ही इशाऱ्यांवरून एवढे निश्चित होते की भर घालण्याची सवय सर्वपरिचित होती.

महानुभाव परंपरेने वेगळी वाट धरली. लीळाचरित्राच्या प्रतींत एकाच लीळेचे भिन्न पाठ 'वासना' म्हणून शेजारी नोंदविण्याची प्रथा आढळते. श्रीचक्रधरांचे वचन श्रुतिस्वरूप मानणाऱ्या पंथाला एक पाठ निवडून दुसरा टाकणे हेच साहस वाटले असावे. आधुनिक संपादक पृष्ठाच्या तळाशी जे करतो ते या लेखनिकांनी संहितेतच केले. विसाव्या शतकात विष्णु सीताराम सुखठणकर यांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण करताना, आणि अ. का. प्रियोळकर यांनी मुक्तेश्वरांच्या आदिपर्वाचे संपादन करताना, या देशी सामग्रीला पाठचिकित्सेची शिस्त लावली. त्यामुळे मराठीत या विचाराची उपकरणे उपलब्ध आहेत. ख्रिस्तपुराणाला ती पूर्णत्वाने लावली गेलेली नाहीत.

छापील ग्रंथाचे हस्तलिखित होणे

ख्रिस्तपुराणाच्या संहितेचा इतिहास नेहमीच्या क्रमाच्या उलट आहे. सामान्यतः पोथी आधी असते आणि मुद्रण नंतर. येथे ग्रंथ प्रथम छापला गेला आणि मग पोथ्यांत गेला. इंग्लंडात जन्मलेले स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची बहुतेक वर्षे त्यांनी गोव्यातील साष्टी प्रांतात घालविली. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही मुद्रणांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'पैलें पुराण' व 'दुसरें पुराण' या दोन भागांत, अनुक्रमे ३६ आणि ५९ अवस्वरूंत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांत पसरलेले हे काव्य आज वाचता येते ते केवळ लेखनिकांमुळे.

मुद्रणानंतर हस्तलेखन का सुरू झाले, याची कारणे गोव्याच्या इतिहासात आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थानिक भाषांविषयीचे शासकीय धोरण कठोर होत गेले आणि १६८४ च्या फर्मानाने ख्रिस्ती प्रजेने ठराविक मुदतीत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीजचा अवलंब करावा असे ठरविले. स्थानिक भाषांतील ग्रंथांचे मुद्रण त्यानंतर थांबले. वाचकांची गरज मात्र थांबली नाही. छापील प्रती जीर्ण झाल्या तसतशा त्यांच्या नकला होऊ लागल्या. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण बरोबर नेले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडील ख्रिस्ती समाजाला बंदिवान करून श्रीरंगपट्टणला नेले, एवढी उलथापालथ त्या प्रदेशाने पाहिली. तरीही तेथे प्रती टिकल्या. जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून रोमन लिपीत प्रसिद्ध केलेली आवृत्ती हस्तलिखित प्रतींवरूनच सिद्ध झालेली आहे.

या प्रती करणारे लोक नव्या कराराच्या आरंभीच्या लेखनिकांशी एका बाबतीत जुळतात : ते ग्रंथाचे उपभोक्ते होते. हे पुराण मोठ्याने वाचले जाई, ऐकले जाई. ओवीच्या रचनेमुळे चुकांचेही एक विशिष्ट रूप ठरते. पहिल्या तीन चरणांना एकच यमक आणि चौथा चरण आखूड, अशा ओवीत लेखनिकाची दृष्टी एका यमकावरून दुसऱ्यावर घसरणे अगदी स्वाभाविक असते. मात्र तेच यमक पाठाचे रक्षणही करते. चरणाच्या शेवटचा शब्द बदलला तर उरलेले दोन चरण ताबडतोब तक्रार करतात. चरणाच्या मध्यावरील शब्द बदलला तर कोणी साक्षीदार उरत नाही.

दोन संहितांचा वाद

मार्सडेन संग्रह हा विल्यम मार्सडेन या प्राच्यविद्यापंडिताने जमविलेला. तो प्रथम लंडनच्या किंग्ज कॉलेजात होता आणि नंतर प्राच्यविद्येच्या नव्या संस्थेकडे गेला. त्यात देवनागरीत लिहिलेले 'आदिपुराण' व 'देवपुराण' असल्याचे जस्टिन ॲबट यांनी १९२० नंतरच्या दशकात उजेडात आणले. मराठी संतसाहित्याचे इंग्रजी अनुवादक म्हणून परिचित असलेल्या ॲबटांना या हस्तलिखितात स्टीफन्स यांची मूळ देवनागरी संहिता सापडल्याची खात्री वाटली. रोमन संहितेत जेथे चर्चच्या व्यवहारातील परकीय संज्ञा येतात तेथे या हस्तलिखितात संस्कृतोद्भव शब्द येतात, हा त्यांच्या मताचा मुख्य आधार होता. कवीने शुद्ध मराठीत लिहिले आणि मुद्रणाच्या वेळी धर्मसत्तेच्या आग्रहाने परकीय संज्ञा घुसविल्या गेल्या, असे या मताचे स्वरूप आहे.

या मताला एक पूरक पुरावा देता येतो. १६०८ मध्ये जेझुइट संघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा व्यक्त केली आहे. युरोपीय वर्णमालेला चोवीस साचे पुरतात, येथील अक्षरपद्धतीला सहाशेच्या घरात साचे लागतील, ही अडचणही त्यांनी सांगितली आहे. देवनागरीविषयी त्यांना आस्था होती, याबद्दल शंका नाही.

परंतु देवनागरीत छापण्याची इच्छा असणे आणि मार्सडेन हस्तलिखित हीच ती मूळ संहिता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरुद्ध बाजूचे पुरावे वजनदार आहेत. स्टीफन्स यांची 'दौत्रिन क्रिस्तां' ही कोंकणी प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत धर्मसंस्कारांच्या व चर्चजीवनाच्या संज्ञा पोर्तुगीजमधून घेतलेल्या आहेत. म्हणजे ज्याला लेखकाची स्वतःची रीत म्हणता येईल ती रोमन संहितेशी जुळते. शिवाय त्या काळच्या मिशनरी व्यवहारात अशा संज्ञा मुद्दाम परकीय ठेवण्यामागे विचार होता : देशी शब्दाबरोबर त्याच्या जुन्या धर्मातील छटाही येतील ही भीती. या दृष्टीने पाहता परकीय शब्द हा कवीच्या असमर्थतेचा किंवा सक्तीचा पुरावा ठरत नाही. तो निवडीचा पुरावा ठरू शकतो.

आता कठीण पाठाचे सूत्र लावून पाहावे. कोणता पाठ कठीण? मराठी काव्यपरंपरेत मुरलेल्या, देवनागरीत लिहिणाऱ्या लेखनिकाला पोर्तुगीज संज्ञा कठीण; तो तिच्या जागी ओळखीचा संस्कृत शब्द घालील. त्याच्या दृष्टीने रोमन संहिता मूळ ठरते. उलट, चर्चच्या शिस्तीत वाढलेल्या धर्मगुरू-लेखनिकाला संस्कृत शब्द संशयास्पद. तो तेथे चर्चमान्य संज्ञा घालील. त्याच्या दृष्टीने देवनागरी संहिता मूळ ठरते. एकच सूत्र दोन लेखनिकांना लावले की दोन विरुद्ध निर्णय देते. याचा अर्थ सूत्र खोटे आहे असा नव्हे. 'कठीण' हा पाठाचा गुण नसून विशिष्ट लेखनिकाशी असलेला पाठाचा संबंध आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. लेखनिक कोण, कोणासाठी लिहितो, कोणत्या शब्दापाशी अडतो, याचा निर्णय झाल्याशिवाय सूत्र वापरता येत नाही. लूकमधील 'बाप' हा पाठ मूळ म्हणताना आपण तेथील लेखनिकांची श्रद्धा जाणतो म्हणूनच ते म्हणू शकतो.

मग निर्णयाचा मार्ग कोणता? वर सांगितलेले यमक येथे उपयोगी पडते. ज्या ओव्यांत पारिभाषिक संज्ञा यमकस्थानी आहे, त्या वेगळ्या काढून दोन्ही संहितांत ताडून पाहाव्यात. एका संहितेत यमक निर्दोष आणि दुसऱ्या संहितेत ते ओढूनताणून किंवा संपूर्ण चरणच नव्याने रचलेला, असे वारंवार आढळले तर बदलाची दिशा कळते. दुसरी कसोटी सातत्याची. जाणीवपूर्वक बदल करणारा लेखनिक आरंभी सावध असतो आणि अकरा हजार ओव्यांच्या ओघात कोठेतरी थकतो. जुना शब्द एखाद्या कोपऱ्यात तसाच राहून जातो. असा विसरलेला शब्द कोणत्या संहितेत आहे हे शोधणे म्हणजे मूळाचा माग काढणे होय. या दोन कसोट्या एकेका ओवीवर चालवाव्या लागतात. सर्वसाधारण रसास्वादाने हा प्रश्न सुटणारा नाही.

भर घातलेल्या ओव्या

पाठभेद एका शब्दाचा असू शकतो, तसाच पूर्ण प्रसंगाचाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट प्राचीनतम प्रतींत रिकाम्या कबरीपाशी भयभीत झालेल्या स्त्रियांवर होतो. पुढील बारा वचने नंतरची आहेत. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीची कथा योहानाच्या जुन्या प्रतींत नाही. काही प्रतींत ती भलत्याच ठिकाणी आढळते. तरीही ती ख्रिस्ती मनाला इतकी आपली वाटते की ती काढून टाकण्यास कोणी सहसा धजत नाही.

ख्रिस्तपुराणातही याचे उदाहरण आहे. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, या चमत्कारावर पास्कोआल गोमिश द फारिया या गोव्यातील धर्मगुरूने रचलेल्या २३७ ओव्या स्टीफन्स यांच्या पुराणाला जोडलेल्या मिळतात. येथे भर घालणाऱ्याचे नाव टिकले आहे, म्हणून वाद उरत नाही. परंतु नाव गळून पडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कोणी अभ्यासक या ओव्यांतील लग्नसोहळ्याच्या वर्णनावरून स्टीफन्स यांचे लोकजीवनाचे निरीक्षण सांगू लागला असता, आणि ते सांगणे चुकीचे आहे असे दाखविणे कठीण झाले असते. दुसरी गोष्ट अशी की, ही भर घालणाऱ्याला पुराण हा बंद झालेला ग्रंथ वाटला नाही. पुराण वाढते, ही धारणा आपल्या परंपरेत आहे. फारियाने ओवी रचताना कवी म्हणून स्टीफन्सचा आणि वृत्ती म्हणून पुराणिकांचा वारसा चालविला. अशा ओव्यांना केवळ प्रक्षेप म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. त्या स्टीफन्सच्या नाहीत, पण ख्रिस्तपुराणाच्या वाचनाचा इतिहास त्यांतच आहे.

लिप्यंतर करणारा संपादक

लेखनिकांचे युग मुद्रणाबरोबर संपले असे समजण्याची प्रथा आहे. ख्रिस्तपुराणाने ती खोटी ठरविली आहे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून हे पुराण देवनागरीत प्रसिद्ध केले, तेव्हा सामान्य मराठी वाचकाला ते प्रथमच सुलभ झाले. त्यांच्या आवृत्तीचा आधार सालढाणा यांची रोमन संहिता होता. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांनी मार्सडेन हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती मुंबईहून काढली. २००९ मध्ये नेल्सन फल्कांव यांनी रोमन संहिता, तिचे देवनागरी रूप आणि आधुनिक मराठी गद्यानुवाद एकत्र दिले. तिन्ही प्रयत्न मोलाचे आहेत. पण ते संहितेच्या प्रवासातील टप्पेही आहेत.

रोमनमधून देवनागरीत येताना संपादकाला पावलोपावली निर्णय घ्यावा लागतो. या जुन्या रोमन लेखनात अकार आणि आकार यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे 'कळ' की 'काळ', 'मन' की 'मान', हे संदर्भावरून ठरवावे लागते. मूर्धन्य व्यंजने दाखविण्यासाठी अक्षर दुहेरी लिहिले जाते; परंतु सकाराचे दुहेरी लेखन वेगळ्या कारणाने होते, आणि 'स', 'श', 'ष' यांतील निवड पुन्हा वाचणाऱ्यावर येते. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार, अनुनासिक आणि अनुस्वार यांचीही हीच स्थिती. संपादकाने प्रत्येक वेळी ज्ञानेश्वरी-एकनाथी भागवताच्या परिचित रूपाकडे कल दिला तर स्टीफन्स यांची मराठी आपोआप अधिक 'संतसाहित्याची' होते. कोंकणी उच्चाराकडे कल दिला तर ती अधिक 'गोमंतकीय' होते. मग त्या देवनागरी पुस्तकावरून कोणी भाषिक निष्कर्ष काढले तर ते संपादकाच्या कलाचे निष्कर्ष ठरतात. रोमकरांस पत्रातील ऱ्हस्व-दीर्घ ओकाराने जो घोटाळा केला तोच येथे अकार-आकाराने केला आहे.

वाचकाचा परिचित प्रदेश पाठावर कसा स्वार होतो याचे एक साधे उदाहरण 'साष्टी' या नावात आहे. मीरा-भाईंदरमधील काशीगाव ज्या बेटाच्या उत्तर टोकाकडे वसले आहे तेही साष्टीच. काशीगावातील वाचकाने 'साष्टीत लिहिलेले ख्रिस्ती पुराण' असे वाक्य वाचले तर त्याच्या डोळ्यांपुढे स्वाभाविकपणे वसईच्या खाडीअलीकडचा आपला मुलूख उभा राहील. तो मुलूखही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पोर्तुगीज अमलाखालीच होता, त्यामुळे शंका घेण्याचे कारणही त्याला दिसणार नाही. स्टीफन्स यांची साष्टी मात्र गोव्यातील. हाच वाचक जर जुन्या काळचा लेखनिक असता आणि त्याने स्पष्टीकरणासाठी समासात एखादा शब्द लिहिला असता, तर पुढच्या नकलेत तो संहितेत आला असता आणि पुराणाचे जन्मस्थान शेकडो मैल उत्तरेस सरकले असते. यात कपट कोठेच नाही. आहे ती केवळ जवळिकीची ओढ. लूकची प्रार्थना मत्तयाप्रमाणे लांबविणाऱ्या लेखनिकाचे मन याहून वेगळे नव्हते.

समारोप

लेखनिकाकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते : एक त्याला निर्जीव साधन समजते, दुसरी ग्रंथ बिघडविणारा अपराधी. नव्या कराराच्या अभ्यासाने या दोन्ही दृष्टी हळूहळू मागे टाकल्या. पाठभेद हे आता केवळ मूळ पाठ शोधण्याचे अडथळे मानले जात नाहीत. प्रत्येक पाठभेद हा एखाद्या काळातील, एखाद्या गावातील वाचकाने ग्रंथ कसा समजून घेतला याची नोंद मानला जातो. ख्रिस्तपुराणाच्या बाबतीत ही दृष्टी विशेष आवश्यक आहे, कारण या ग्रंथाच्या लेखनिकांनी शासनाच्या भाषाधोरणाविरुद्ध, मुद्रणाच्या अभावी, स्थलांतराच्या धकाधकीत हे काव्य जिवंत ठेवले. त्यांनी केलेले बदल स्वीकारायचे की नाहीत हा पुढचा प्रश्न. त्यांच्याशिवाय मुळात स्वीकारण्याजोगे काही उरलेच नसते.

त्याचबरोबर, त्यांच्याविषयीची कृतज्ञता पाठनिर्णयाची जागा घेऊ शकत नाही. ख्रिस्तपुराणाच्या उपलब्ध रोमन प्रती, मार्सडेन हस्तलिखित आणि सालढाणा यांची छापील संहिता एकत्र ताडून, प्रत्येक भेद नोंदविणारी आणि रोमन मूळ व देवनागरी रूप यांतील प्रत्येक संदिग्ध स्थान दाखविणारी चिकित्सक आवृत्ती ही मराठी विद्यापीठांची गरज आहे. महानुभावांनी 'वासना' नोंदविल्या त्या पद्धतीने दोन्ही संहिता समोरासमोर छापल्या तरी मोठे काम होईल. तोवर अध्यापकाने एवढे पथ्य पाळणे शक्य आहे : वर्गात ओवी वाचताना ती कोणत्या आवृत्तीतील आहे ते सांगावे, आणि स्टीफन्स यांच्या शब्दनिवडीवर निष्कर्ष काढणारा प्रबंध कोणत्या संहितेवर उभा आहे ते पहिल्या पृष्ठावर नोंदविण्याचा आग्रह धरावा. ज्या शब्दावर आपण कवीचे मन वाचतो तो शब्द कवीच्या हातचा आहे की लेखनिकाच्या, हे तपासल्यावाचून केलेले वाचन कवीचे ठरत नाही.